आईच्या नावाचा रकाना

"म्हशीला दूध किती, एवढंच विचारायचं राहिलंय यांचं," उदयसिंह लॅपटॉपकडे बघत पुटपुटला. "आईचं शिक्षण, बापाचं शिक्षण, आई काय करते, बाप काय करतो, दोघं एकत्र राहतात का. पोरगी शिकायला पाठवतोय का सोयरीक करतोय?"

विजयमाला त्याच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर बसून शेंगा फोडत होती. घरातला एकच पंखा धड चालायचा आणि तो नेमका जेवणाच्या टेबलावर होता, म्हणून दुपारची सगळी कामं त्या टेबलाभोवती गोळा व्हायची. दसरा होऊन चार दिवस झाले होते, पण सोलापूरच्या उन्हाला कुणी ते सांगितलेलं दिसत नव्हतं. थोरल्या दिराची ही कुरकुर कुणाला ऐकवायची नव्हती. तरी त्या कुरकुरीत लाड होता, हे विजयमालाला कळत होतं. सासरची खोड सांगताना सासुरवाशीण कुरकुरते ना, तसा.

कारण ज्या अमेरिकेतल्या कॉलेजचा हा अर्ज होता, त्या कॉलेजात उदयसिंह घाडगे दोन वर्षं नांदून आला होता. अठ्ठावीस वर्षं झाली त्या गोष्टीला. वडील बापूसाहेब श्रीपूरच्या साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. त्यांनी थोरल्याला अमेरिकेला धाडलं आणि त्याच साली धाकट्या अजिनाथचं, विजयमालाच्या नवऱ्याचं, नाव टेंभुर्णीच्या कॉलेजातून काढलं, कारण रान बघायला कुणीतरी हवं होतं. या घरात अजिनाथनं दादाला 'नाही' म्हटलेलं कुणी ऐकलेलं नाही. उदयसिंह शिकून आला, सोलापुरात ठिबक सिंचनाचा धंदा काढला, घर बांधलं, सगळ्यांना गावाकडून इथं आणलं. कॉलेजचं एक जाड मासिक अजूनही वर्षातून तीनदा पोस्टानं यायचं. त्यातली एक ओळ कुणी वाचत नसे, पण त्याच्यात कधी कुणी कांदे गुंडाळले नव्हते.

आता लेकीला, प्रियंकाला, तिथंच घालायचं होतं. सतरा पूर्ण, बारावीला, डोक्यानं तल्लख. अर्ज दोन वेळा टाकता येतो हे महिनाभर ऐकून ऐकून विजयमालाला पाठ झालं होतं. एक अर्ज जानेवारीत, अख्ख्या जगाच्या गर्दीत. दुसरा त्याआधी, एक नोव्हेंबरच्या आत, तोही एकाच कॉलेजला, 'घेतलंत तर येणारच, बाकी दारं बंद' असा शब्द देऊन. आणि या लवकरच्या अर्जात, तिथं शिकून गेलेल्यांच्या मुलांकडे ते कॉलेज जरा मायेनं बघतं. हे पुण्याच्या सिद्धेश्वरी मॅडमनी सांगितलं होतं. परदेशच्या अर्जांचं मार्गदर्शन करणं हेच त्यांचं काम.

"म्हंजे साखरपुडाच की," विजयमाला तेव्हा म्हणाली होती. "घरचं माणूस आधी तितं नांदून आलेलं असलं की स्थळ लौकर पक्कं."

सगळे हसले होते. प्रियंका सगळ्यांत जास्त.

"वडिलांशी नातं," उदयसिंह आता वाचत होता. "जन्माने. दत्तक. सावत्र. पालक. यातलं एक निवडा."

शेंगा फोडणारे हात थांबले नाहीत, पण विजयमालाचे कान थांबले. बटणाचा एक टक आवाज आला. कुठलं निवडलं ते त्यानं वाचून दाखवलं नाही. पुढचा रकाना आला. "आईशी नातं." पुन्हा तसाच टक. आवाजावरून काय कळणार, पण दोन्ही आवाज लागोपाठ आले. मधे विचार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा गेला नाही.

तिनं टरफलं सुपात सारली आणि दाणे निवडायला घेतले. शेंगाचटणी करायची होती, प्रियंकाच्या डब्याला.

*

सिद्धेश्वरी मॅडमनी जन्माचा दाखला मागितला तेव्हा घरातून 'देतो की' असं सहज उत्तर गेलं, इतकं ते सगळे विसरले होते. किंवा विसरण्याची एवढी सवय झाली होती की आता त्याला कष्ट पडत नव्हते. शाळेत घालताना उदयसिंहनं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं होतं, हेडमास्तर ओळखीचे होते. शाळेवरून आधार, आधारवरून पासपोर्ट. प्रियंका उदयसिंह घाडगे. एका कागदावरून दुसरा कागद निघत गेला आणि पहिला कागद कुणी बघितलाच नाही.

अजिनाथ महापालिकेत दोन हेलपाटे घालून तो घेऊन आला. पाणी यायचा दिवस होता. घरातले सगळे बादल्या आणि पिंपं घेऊन नळाशी, म्हणून कागद टेबलावर तासभर तसाच पडून राहिला. मग उदयसिंहनं हात पुसत तो उचलला.

मुलीचं नाव, रिकामं. जन्मतारीख बरोबर. वडिलांचं नाव, अजिनाथ बापूसाहेब घाडगे. आईचं नाव, विजयमाला अजिनाथ घाडगे.

उदयसिंहनं तो वैजयंतीकडे दिला. वैजयंतीनं, त्याच्या बायकोनं, चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि टेबलावर ठेवून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. पंख्यानं उडू नये म्हणून असेल.

"कागदाचा घोळ आहे," उदयसिंह म्हणाला. "हॉस्पिटलनं जे कळवलं ते उतरवलंय त्यांनी. दुरुस्ती करून घेऊ."

"व्हय," अजिनाथ म्हणाला.

सासूबाई, गोजाबाई, कोचावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. ऐंशी पार. त्यांना दिसत कमी होतं, पण घरात काय चाललंय ते न दिसण्याइतकं कमी नव्हतं. "सरकारी कागूद," त्या म्हणाल्या. "माज्या आदारवर माजं वय नव्वद हाय. मी काय भांडाय गेले का?"

एवढ्यात प्रियंका क्लासहून आली. बॅग टाकली, तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायली, मग ओला झालेला कागद तिनं वाचला. सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघत नव्हते. तिनं कागद ओढणीनं टिपून पुन्हा होता तिथं ठेवला.

"काकू, भूक लागलीय," ती म्हणाली.

विजयमाला उठली. कडक भाकरीचा तुकडा, चटणी, वर दही. ताट तिनं नेहमीच्या जागी ठेवलं. हातांनाही सवय झाली होती.

प्रियंकाला ठाऊक होतं. कधीपासून, ते कुणाला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांची असताना तिनं वैजयंतीला विचारलं होतं, "मम्मी, माझं नाक काकूसारखं का गं?" आणि वैजयंती म्हणाली होती, "घराण्याचं नाक आहे ते." काकू या घराण्यात लग्न होऊन आलेली, तिचं नाक घराण्याचं कसं, हे पोरीनं विचारलं नाही. जरा वेळ उभी राहिली आणि खेळायला गेली. त्यानंतर तिनं तसलं काही विचारल्याचं विजयमालाला आठवत नव्हतं.

*

झालं होतं ते असं.

वैजयंतीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि डॉक्टर, देव, दोघांचं करून संपलं होतं. विजयमालाचा पहिला, जोतीराम, अडीच वर्षांचा होता. आता तो पुण्यात कंपनीत आहे. दुसऱ्या वेळी मुलगी झाली. बाराव्या दिवशी याच हॉलमध्ये बारसं. पाळणा सजवलेला, अलीकडे आईकडच्या बायका, पलीकडे सासरच्या. रीत सगळ्यांना माहीत आहे. बाळाला पाळण्याच्या वरून पलीकडे द्यायचं, 'घ्या' म्हणायचं, पलीकडच्या बाईनं घ्यायचं आणि पाळण्याखालून परत अलीकडे द्यायचं. असं पाच वेळा. बाळ रडतं, बायका हसतात, कुणीतरी म्हणतं सांभाळा गं मान.

पलीकडे वैजयंती उभी होती. विजयमालानं चार वेळा दिलं, चार वेळा परत घेतलं. पाचव्या वेळी दिलं आणि हात पाळण्याखाली धरून ती वाकून राहिली. बाराव्या दिवसाची बाळंतीण, कंबर कशी तुटत होती ते तिला अजून आठवतं. वरून सासूबाईंचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे आता तिकडंच. तुला एक हाय, आनिक हुईल."

तिला वाटलं, आजच्या दिवस. ओटी भरेपर्यंत. पाहुण्यांसमोर बोलायचं कसं म्हणूनही ती गप्प बसली. संध्याकाळी पाळणा वैजयंतीच्या खोलीत हलवला गेला. तिनं अजिनाथकडे बघितलं, अजिनाथ सतरंज्या गोळा करत होता. दूध पाजायला मात्र तिलाच हाक यायची, अकरा महिने. पाजून झालं की वैजयंती दोन्ही हात पुढं करून उभी. तिचाही काय दोष. त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धरलं होतं आणि तिचे हात सोडायला तयार नव्हते.

आणखी काही झालं नाही. घरात, भावकीत, नातेपुत्याच्या पाहुण्यांत एक वाक्य तेवढं तयार झालं, 'विजूनं मोठ्या मनानं दिली.' आधी गोजाबाई म्हणाल्या, मग सगळे म्हणू लागले. नंतर म्हणायचंही बंद झालं. विजयमालाला मोठ्या मनाची म्हणून मान मिळत गेला. हळदीकुंकवाला पहिलं बोट तिला, लग्नात पुढची खुर्ची तिला. असल्या मानावर बसून माणूस बोलणार काय? खुर्ची सोडून उठावं लागतं.

*

"खोटं लिहिता येणार नाही हं, सर," सिद्धेश्वरी मॅडम फोनवर सांगत होत्या. फोन टेबलावर, आवाज सगळ्यांना. "अर्जातलं खोटं उघड झालं तर मिळालेली जागासुद्धा काढून घेतात. आणि काका माजी विद्यार्थी असले तर त्याचं वजन जवळपास शून्य. आई किंवा वडील लागतात. जन्माचे, नाहीतर कायदेशीर दत्तक. दत्तकाचे कागद असतील ना तुमच्याकडे?"

"आहेत," उदयसिंह म्हणाला. "म्हणजे होतील."

फोन ठेवल्यावर तो पहिल्यांदाच मोकळा हसला. रस्ता सापडला होता. कोर्टाजवळ सिद्धलिंगप्पा वकील होते, जुने, बापूसाहेबांच्या ओळखीचे. त्यांनी सांगितलं, तेव्हा दत्तक झालेलंच असेल तर आता नुसती नोंद करायची. दत्तकपत्र लिहायचं, सगळ्यांच्या सह्या. दोनच गोष्टी लागतात. देण्याघेण्याचा विधी झाला होता का, आणि जन्म देणाऱ्या आईची संमती होती का.

"विधी झाला होता," उदयसिंह घरी येऊन म्हणाला. "बारशात. पाचपन्नास माणसांदेखत. वकील म्हणाले, याहून चांगला पुरावा नाही."

विजयमाला कणीक मळत होती. सतरा वर्षं जे तिच्या कमरेत दुखत होतं त्याला आज विधी हे नाव मिळालं. तिनं कणकेला तेलाचा हात लावला आणि झाकण ठेवलं.

"संमतीचं काय, ती काय ना म्हनती का," गोजाबाई म्हणाल्या. "तिनंच तर दिली."

"व्हय," अजिनाथ म्हणाला. मग बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. गाडी सकाळीच पुसली होती.

*

दिवाळी आली तशी गेली. सह्यांची तारीख एकोणतीस ऑक्टोबर ठरली. त्याआधी दोन दिवस प्रियंका स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसली. एवढी मोठी झाली तरी ओट्यावर बसायची सवय गेली नव्हती.

"काकू, अर्जातला निबंध वाचून दाखवू? इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगत जाते."

"सांग की. पर भाजी करपली तर तुझ्या निबंधात घाल."

निबंध घरावर होता. आजी सोडली तर आमच्या घरात दोन बायका आहेत, असं तिनं लिहिलं होतं. मी जेवले का हे त्या दोघी मला वेगवेगळं विचारतात आणि एकमेकींचं उत्तर खरं मानत नाहीत. एक मला अभ्यासाला उठवते. दुसरी मी उठायच्या आधी उठून बसलेली असते आणि नुकतीच उठल्यासारखं दाखवते.

विजयमालानं गॅस बारीक केला. "ती दुसरी कोन गं?"

"तू."

"मला काय म्हनलंस तितं? काकूला काय म्हनतात?"

"आंट."

"आनि मावशीला?"

"आंटच."

"आत्याला?"

"तेच, काकू. सगळ्यांना तेच."

"मग बरंय. गर्दीत कुनाला काय सांगत बसायला नको."

प्रियंका हसली नाही. ओट्यावरून पाय हलवत राहिली. "खाली एक चौकोन आहे," ती म्हणाली. "वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, अशी टिक करायची. ती मी करायची आहे. पप्पांनी नाही."

"कर की मग."

"करीन. पण मला माहीत असल्याशिवाय कशी करू?"

विजयमालानं भाजी हलवली. करपली नव्हती. तरी ती बराच वेळ हलवत राहिली. पोरीनं विचारलं नव्हतं काही. फक्त दार किलकिलं करून ती उभी राहिली होती, आत ये असं कुणी म्हणायची वाट बघत. विजयमालाला ते कळलं आणि तिनं ताटं घेतली.

"जाशील तर कडक भाकरी ने," ती म्हणाली. "महिनाभर टिकते."

*

आदल्या दिवशी वैजयंती गच्चीवर आली. विजयमाला वाळत घातलेले कपडे काढत होती. दोघी जावा एका घरात बावीस वर्षं, पण गच्चीवर एकत्र कधी नाही. एक असली की दुसरीला खाली काम निघायचं.

"उद्या कुठली साडी नेसशील, विजू?"

"कुठलीबी. वकील काय साडी बघनारेत का, ताई."

वैजयंतीनं दोरीवरचा प्रियंकाचा कुर्ता काढला, घडी घातली, मोडली, परत घातली. तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. मेंदी लावायची ती अलीकडे राहून जात होती.

"तिला टायफॉईड झाला होता, चौथीत," वैजयंती म्हणाली. "तू तेव्हा टेंभुर्णीला होतीस, तुझ्या आईचं दुखणं होतं म्हणून. ती तापात बडबडायची. मी उशाशी बसलेली. माझा हात धरून म्हणायची, काकूला बोलवा." ती थांबली. "तुला कधी सांगितलं नाही मी."

विजयमालाच्या हातात चिमटे होते. ते एकेक करून तिनं डब्यात टाकले.

"मी बोलवायला हवं होतं," वैजयंती म्हणाली. "नाही बोलवलं. वाटलं, तू आलीस तर..." पुढचं तिनं दोरीकडे बघून गिळलं. मग अगदी हळू, जवळजवळ ओशाळून, "करशील ना गं सही?"

समोर उभी असलेली बाई सतरा वर्षं भीत होती. वेणी घालायला प्रियंका काकूकडे गेली की हिचा चहा उकळून जायचा, ते विजयमालानं कितीदा बघितलं होतं. घेणाऱ्याला घेतलेलं परत जाईल याची भीती असते. तेवढं सुख तरी देणाऱ्याचं बरं, त्याचं जायचं ते गेलेलं असतं. पण तीही देणारी कुठं होती? हा विचार मनात आला तशी तिनं कपड्यांचा ढीग छातीशी धरला.

"करीन की," ती म्हणाली. "चला, सासूबाईंच्या च्याची येळ झाली."

*

सिद्धलिंगप्पा वकिलांची खोली पहिल्या मजल्यावर. फायलींचे ढीग, एक टायपिस्ट, आणि उन्हानं पिवळे पडलेले पडदे. उदयसिंह, वैजयंती, अजिनाथ, विजयमाला चार खुर्च्यांवर. प्रियंका दाराशी उभी, कॉलेजची बॅग खांद्याला. तिची सही लागत नव्हती, पण ती आली होती. कुणी नको म्हणालं नाही, कारण का नको ते सांगावं लागलं असतं. निघताना गोजाबाईंनी विजयमालाचा पदर धरला होता. "नीट कर सही. पोरीचं कल्यान हाय."

तेही खरंच होतं. तीन दिवस उरले होते. हा कागद जोडला तर प्रियंका माजी विद्यार्थ्याची मुलगी. नाही जोडला तर पुतणी, जगाच्या गर्दीतली एक. विजयमालानं सकाळपासून हेच घोकलं होतं. आपल्या एका सहीनं पोरीचं स्थळ पक्कं होतंय. आई असून दुसरं काय करणार होतीस?

वकिलांनी चष्मा पुसला. थकलेला, भला माणूस. कन्नड वळणाची मराठी, शब्द सावकाश. "वाचून दाखवतो हं बाई, मग सही करा. आम्ही वाचल्याशिवाय कुणाला सही करू देत नाही."

वाचत गेले. लिहून देणार, लिहून घेणार, वय, धंदा, पत्ता. मग, "सदर मुलीच्या नामकरण विधीच्या दिवशी, नातेवाईक व आप्तेष्ट यांचे समक्ष, जन्मदात्या आईने सदर मुलीस स्वहस्ते..."

स्वहस्ते. हे खरं होतं. हात तिचेच होते.

"...व राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, दत्तक आईच्या स्वाधीन केले." वकिलांनी मान वर केली. "बरोबर आहे ना?"

"बरोबर," उदयसिंह म्हणाला.

"बाईंना विचारतोय मी."

विजयमालानं पेन उचललं. सही तिनं घरी वहीच्या मागच्या पानावर चार वेळा करून बघितली होती. चांगली येत होती. तिनं कागद आपल्याकडे ओढला.

"काकू," प्रियंका दारातून म्हणाली.

सगळ्यांनी मागं बघितलं.

"हे खरं आहे का? राजीखुशीने?"

"प्रियू, वकिलांची भाषा असते ती," वैजयंती म्हणाली. तिचे दोन्ही हात पर्सवर होते, पर्सचा बंद बोटांना काचत होता.

"मला त्या चौकोनात टिक करायचीय, मम्मी. मी हिला विचारतेय."

"तीन दिवस राहिलेत, बाळा," उदयसिंह म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट जरा बसला होता. "हे आत्ता काढायचं नाही."

"मग कधी, पप्पा?"

टायपिस्टनं हात थांबवले. अजिनाथ आपल्या चपलांकडे बघत होता. विजयमालानं त्याच्याकडे बघितलं, बारशाच्या संध्याकाळी बघितलं होतं तसंच. इथं सतरंज्या नव्हत्या. त्यानं हळूच मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, पण तोंडातून नेहमीचं 'व्हय' आलं नाही.

ती पोरीकडे वळली. दारात उन्हाच्या पट्ट्यात उभी, तेच नाक, वाट बघण्याची तीच तऱ्हा. हो म्हटलं की संपलं. पोरगी टिक करील, विमानात बसेल, आणि एक खोटं आयुष्यभर तिच्या नावावर राहील. ते खोटं तिचं नव्हतंच, या चौघांचं होतं. नाही म्हटलं तर तिची वाट आपल्याच हातानं बंद. आणि शेजारी बसलेली ही ताई, हिनं पंखाखाली घेऊन वाढवलेलं लेकरू, हिचं काय व्हायचं?

विजयमालानं पेनाला टोपण लावलं. ते नीट बसेपर्यंत दाबलं.

"न्हाय," ती म्हणाली. "मी दिली न्हवती. बारशात पलीकडं देत्यात तशी दिली. खाली हात धरून वाकून हुते मी, परत कुनी दिलीच न्हाय."